न सुचवणारा संगणक

भाजी वांग्याची करू की पातोडीचा रस्सा करू, एवढंच कुमुदनं विचारलं होतं. टेबलावरच्या पडद्यातून दिगंबर मास्तरांच्या आवाजात उत्तर आलं, "तू जे करशील ते प्रेमानंच करशील, कुमुद. मला सगळंच आवडेल."

कुमुदच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. उभ्या संसारात हा माणूस जेवणाबद्दल असं एकदाही बोलला नव्हता. पातोडी केली की, "तिखट कुठी हाये याच्यात? शोधाले दुर्बीण आन." वांगं केलं की, "आज पुन्हा वांगं? त्यानं का तुह्याशी लगन लावलं?" असं बोलून मग तीन-तीनदा वाढून घ्यायचं, ही त्यांची रीत.

तिनं वळून पाहिलं. मास्तर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित, कानामागे बोटभर लांबीची पारदर्शक पट्टी. नुकतंच काही गोड बोललेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. गृहपाठ दुसऱ्यानं करून दिलेल्या पोरासारखी त्यांनी मान खाली घातली होती.

दिगंबर काळमेघ म्हणजे परतवाड्याच्या शाळेतले मराठीचे मास्तर. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते शंकरपटामुळे. हिवाळ्यात बैलजोड्यांच्या शर्यती लागल्या की माइक मास्तरांच्या हाती. जोडी सुटायच्या आधीच त्यांचं तोंड सुटायचं. कुणाच्या बैलाची वरात काढतील, कुणाच्या मालकाची, नेम नसे. लोक बैल पाहायला येत आणि मास्तर ऐकून जात.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात त्यांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी तुंबली. जीव वाचला, चालताही येऊ लागलं, पण शब्द गेले. समोरच्याचं सगळं कळायचं. काय म्हणायचंय तेही आत कुठेतरी तयार असायचं. फक्त त्यावरचा शब्द सापडायचा नाही. तोंडातून 'त... त...' एवढंच निघे, आणि मग मास्तर भिंतीकडे तोंड करत.

तेव्हा मुलीनं, शलाकानं, बंगळूरहून 'अंतर्वाणी' पाठवली. त्या वर्षी ते यंत्र घराघरांत पोचत होतं. माणूस बोलायच्या आधी त्याच्या जिभेचे आणि जबड्याचे स्नायू अगदी बारीक हालतात. कानामागची पट्टी ते विजेचे संकेत टिपते. नजर कुठे गेली, नाडी कशी चालली, समोरचा काय म्हणाला, हे सगळं त्यात मिसळून यंत्र अंदाज बांधतं आणि तीन वाक्यं पडद्यावर मांडतं. माणसानं फक्त एकावर 'होय' करायचं. लगेच ते वाक्य त्याच्याच आवाजात बोललं जातं. मास्तरांचा आवाज पटाच्या जुन्या ध्वनिफितींवरून घेतला होता. पहिल्यांदा तो घरात घुमला तेव्हा कुमुद देवघरासमोर जाऊन रडली होती.

पण यात एक मेख होती. मास्तरांचे स्नायू धड होते. बिघडला होता तो शब्द जुळवणारा मेंदू. त्यामुळे पट्टीपर्यंत पोचायचा तो संकेतच विस्कटलेला. आणि संकेत जितका अस्पष्ट, तितका यंत्राचा अंदाज मोठा. जिथे मास्तरांचं काही सापडत नसे तिथे यंत्र लाखो लोकांची सरासरी भरून मोकळं होई. आवाज दिगंबरचा आणि बोलणं कुणाचंही.

हे कुमुदला स्वच्छ कळलं ते बबनराव आले त्या दिवशी.

बबनराव खडके हे मास्तरांचे पटातले जुने मित्र. त्यांचा 'तुफान' नावाचा बैल सगळ्या जिल्ह्यात गाजलेला. ते आले, दारातच चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, आपला तुफान गेला. कालपासून पान्याले तोंड लावलं नव्हतं त्यानं."

मास्तरांचे डोळे भरून आले. ओठ हलू लागले. पडद्यावर तीन वाक्यं उमटली. 'ऐकून फार वाईट वाटलं.' 'ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो.' 'या कठीण प्रसंगी मी तुमच्या सोबत आहे.'

मास्तरांनी मान हलवली. नाही. पुन्हा तीन. नाही. पुन्हा तीन. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, त्या बैलाबद्दलच, आणि ते त्या तीन वाक्यांत कधीच येणार नव्हतं. शेवटी त्यांनी डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली. धक्क्यानं कुठलं तरी 'होय' झालं असावं. यंत्र भारदस्त आवाजात म्हणालं, "ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो."

बबनराव "बरं मास्तर" म्हणून उठले. जाताना त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, पण पाहिलं पडद्याकडे.

दुसऱ्या दिवशी कुमुदनं अमरावती गाठली. फरहीन अन्सारी ही वाचा-उपचार करणारी तरुण डॉक्टर. मास्तरांना ती सुरुवातीपासून बघत होती.

"काकू, यंत्र वाईट नाही," फरहीन म्हणाली. "ज्यांचे शब्द शाबूत आहेत पण स्नायू गेले, त्यांच्यासाठी ते वरदान आहे. सरांचं उलट आहे. मेंदूतली एक वाट बंद झाली. आजूबाजूच्या पेशी नवी पायवाट पाडू शकतात, पण ती पडते शब्द शोधताना. अडखळलं, चुकलं, पुन्हा शोधलं की मेंदू दुसरी जोडणी करून बघतो. यंत्र शब्द आधीच आणून हातात देतं. मग पायवाटेनं चालणार कोण? तिथे गवत वाढतं."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. दिवसातून दोन तास पट्टी काढून सराव करा म्हणून. सर काढतात का?"

मास्तर काढत नव्हते, आणि कुमुदनंही कधी काढायला लावली नव्हती. शांत घरापेक्षा तो आवाज तिलाही हवा होता.

"पहिलं वर्ष सगळ्यात मोलाचं असतं," फरहीन हळूच म्हणाली. "त्यातलं अर्ध्याहून जास्त गेलंय."

परतीच्या बसमध्ये कुमुदनं अंतर्वाणीचे सगळे पर्याय उघडून पाहिले. सुचवणं बंद करायची सोय नव्हती. 'कमी साहाय्य' असं एक होतं. ते निवडलं की तीनऐवजी दोन वाक्यं येत.

कुमुद नगरवाचनालयात ग्रंथपाल होती. तिथे दोन जुने संगणक फुकटच्या लिनक्सवर चालत, आणि ते बिघडले की तीच मांडी घालून दुरुस्त करी. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी मूळ प्रणाली, जी कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरचे हौशी लोक ती घडवतात. घर कसं लावायचं ते आपण ठरवायचं, हवं ते ठेवायचं, नको ते बाहेर काढायचं. एव्हाना दुकानांत कळफलकाचा संगणकच मिळेनासा झाला होता. सगळीकडे बोला, बघा आणि 'होय' करा. पण कुमुदच्या कपाटात वाचनालयानं मोडीत काढलेला एक लॅपटॉप होता. तो तिनं पुसला, त्यावर लिनक्स चढवलं आणि देवनागरीच्या कळा ठळक दिसाव्यात म्हणून त्यांवर अक्षरं चिकटवली.

पहिल्यांदा तिनं त्यावर चांगली सजवलेली मांडणी बसवली. मास्तर समोर बसले. त्यांची नजर वरच्या कोपऱ्यातल्या हवामानाच्या ढगावर गेली आणि तिथेच अडकली. मग घड्याळावर, मग हलणाऱ्या घंटेवर. झटक्यानं लक्षही फुटलं होतं, पडद्यावरची प्रत्येक चीज त्यांना हाक मारी. कुमुदनं ढग काढला, घंटा काढली, घड्याळ काढलं. तरी पडद्याच्या तळाशी एक रंगीत पट्टी उरली. मास्तर पट्टीकडे बघत बसले.

तिनं लिनक्सवाल्यांच्या जुन्या चर्चामंडळात विचारलं, सगळ्यात साधं काय? तिथे जळगावचे एक गृहस्थ आणि पुदुच्चेरीचे एक गृहस्थ यांच्यात लगेच जुंपली. दोघांचंही म्हणणं एकच होतं, साधं हवं. साधं म्हणजे काय, यावरच दोघांचं जमत नव्हतं. त्या भांडणात कुणा बाईनं मधेच एक ओळ टाकली, "कोणतं काय काय करतं ते बघू नका. काय करत नाही ते बघा." कुमुदनं तेवढीच उचलली.

मग ती उलट्या बाजूनं निवडू लागली. पडद्यावरच्या चौकटी मांडणारा असा प्रोग्रॅम घेतला की ज्याला स्वतःचं रूपच नाही. उघडलं ते पडदाभर, बाकी काही नाही. लिहायसाठी पहिला जो संपादक, म्हणजे लिहायचा प्रोग्रॅम, घेतला, तो चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारी. मास्तरांनी मोठ्या कष्टानं 'मले' लिहिलं, खाली रेघ आली. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा रेघ. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत लाल रेघा मारलेला माणूस त्या रेघेपुढे वरमला. तो संपादक गेला. दुसरा संपादक 'त' टाइप करताच 'तर, तसेच, तुम्ही' अशी रांग लावी. तोही गेला. तिसऱ्यात काहीच नव्हतं. कोरं पान आणि अक्षर कुठे उमटेल ते दाखवणारी एक लुकलुकणारी काडी. ती लुकलुक मास्तरांना घाई करतेय असं कुमुदला वाटलं, म्हणून तिनं काडीला स्थिर केलं.

"आता बघा," ती म्हणाली.

मास्तरांनी पान पाहिलं आणि लॅपटॉप दूर सरकवला. अंतर्वाणी बोलली, "मी थकलो आहे. आपण उद्या बघू."

कुमुद त्यांच्यासमोर खाली बसली. "हे तुम्ही म्हणालात, का त्यानं?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"मी जबरदस्ती नाही करणार. ते बोलतं तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं, मलाही वाटतं. पण अहो, मला टोमणे मारणारं कुणी नाही राहिलं. तुम्ही आत आहात अन् मी बाहेर, मधे हा गोडबोल्या बसलाय."

पडद्यावर तीन वाक्यं उमटली. मास्तरांनी ती वाचलीसुद्धा नाहीत. डावा हात कानामागे नेला, नखानं पट्टीची कड शोधली आणि ती सोलून टेबलावर ठेवली.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. घर गप्प झालं. मास्तर एका शब्दासाठी सकाळ घालवत. 'पाणी' हवं असताना 'पेरू' लिहीत, मग स्वतःच डोकं धरत. कुमुद शेजारी भाजी निवडत बसे. सांगायची उबळ आली की कोथिंबिरीची काडी दातात धरी. एकदा तर तिनं रागानं पट्टी पुन्हा आणून त्यांच्यासमोर ठेवली. मास्तरांनी ती पानदानात टाकली आणि झाकण लावलं.

आणि एका दुपारी त्यांनी तिला खूण करून बोलावलं. पानावर लिहिलं होतं, 'तुफान हसे. धावतानी.'

कुमुदला काही कळेना. बैल हसतो? तिनं बबनरावांना फोन लावून बोलावलं. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचलं.

"हाव मास्तर! हसे थो! जोडी सुटली का त्याचा वरचा ओठ असा उचले. मी कोनाले सांगतलं नाई, लोक म्हनतीन बबन्या येडा झाला. तुमी पाह्यलं होतं?"

मास्तरांनी मान डोलावली. दोघे म्हातारे एकमेकांचे हात धरून बैलासाठी रडले. कुमुद चहा ठेवायला आत गेली, तेव्हा तिला जाणवलं की ती स्वतःशीच हसतेय. जगातल्या कुठल्याही यंत्राला ते वाक्य सुचलं नसतं.

शलाकाला मात्र हे सांगायचं राहिलं होतं. रविवारी तिचा कॉल आला. पडद्यावर तिला बाबा दिसले, पट्टी नसलेले, 'श... श...' करत अडकलेले.

"आई, काय झालं बाबांना? पट्टी कुठाय?"

कुमुदनं सांगितलं. शलाकाचा चेहरा लाल झाला. "तू त्यांचा आवाज काढून घेतलास! मागच्याच महिन्यात बाबा मला म्हणाले, शलाका, तू माझा अभिमान आहेस. आई, मी हे ऐकायला किती वर्षं थांबले होते माहितीय? शाळेत पहिली आले तरी म्हणायचे, दुसरी कोन आली? अन् आता कुठे ते बोलायला लागले तर तू..."

कुमुदला तिथेच थांबता आलं असतं. मुलीपाशी एक गोड वाक्य होतं, ते राहू द्यायचं. पण मास्तर शेजारीच बसून ऐकत होते आणि त्यांची नजर तिच्यावर होती.

"शलू, ते बाबा म्हणाले का ते यंत्र म्हणालं, मला माहीत नाही. बहुतेक तुलाही कळणार नाही. तेच तर झालंय."

शलाकानं कॉल बंद केला.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते मुलीला रोज एक-दोन शब्द पाठवू लागले. 'ऊन.' 'हरभरा.' 'गाय व्याली.' हे शेवटचं त्यांना कोण कठीण गेलं. शलाकाची उत्तरं झटक्यात येत. 'वा बाबा, किती सुंदर! तुमची जिद्द पाहून मला रोज नवी प्रेरणा मिळते.'

मास्तर ती उत्तरं वाचून पडदा कुमुदकडे वळवत आणि भुवई उंचावत. एक-दोनदा झाल्यावर कुमुदच्या ध्यानात आलं. तिनं गेल्या कित्येक महिन्यांतला, अंतर्वाणीतून पाठवलेला बापलेकींचा संवाद उघडून वाचला. 'तू माझा अभिमान आहेस.' 'बाबा, तुम्हीच माझी प्रेरणा आहात.' 'तुझ्यासारखी मुलगी लाभणं हे भाग्य.' 'तुमच्यासारखे वडील लाभणं हेही.' पानंच्या पानं. सगळं गुळगुळीत, एकाच साच्यातलं.

तिनं मुलीला फोन केला. "रागावू नको. कालचं उत्तर तू लिहिलंस?"

"मीटिंगमध्ये होते आई," शलाका म्हणाली. "आलेलं वाक्य चांगलं वाटलं. होय केलं."

"अन् आधीची?"

"बहुतेक सगळी." मग तिचा आवाज फाटला. "म्हणजे इतके महिने आम्ही दोघं बोललोच नाही? ती दोन यंत्रंच एकमेकांची वाहवा करत होती?"

"तू घरी ये," कुमुद म्हणाली.

शलाका आली तेव्हा अंगणात ऊन उतरलं होतं आणि मास्तर लॅपटॉपसमोर बसले होते. ती पायांना हात लावून शेजारच्या खुर्चीवर बसली. त्या रिकाम्या पानाकडे, हलतसुद्धा नसलेल्या त्या काडीकडे तिनं पाहिलं. बंगळुरात ती मोठमोठ्या गोदामांत यंत्रमानव कसे फिरावेत याची आखणी करी. माणसानं मागायच्या आधी वस्तू दारात पोचवणं हेच तिचं काम.

"बाबा," ती म्हणाली, "एक विचारते. खरं सांगा. ते अभिमानाचं... ते तुम्ही म्हणाला होतात?"

मास्तरांनी कळा शोधल्या. न. आ. ई. 'नाई.'

शलाकानं मान खाली घातली. ती उठणार एवढ्यात कुमुदनं दारातूनच तिला हातानं थांबवलं. मास्तरांचं बोट अजून कळांवर फिरत होतं. 'तू' आलं. मग 'सु' आलं आणि थांबलं. शलाकाच्या ओठांवर शब्द आला, सुंदर? सुखी? तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं. मास्तर चुकले, पुसलं, पुन्हा लिहिलं. कपाळावर घाम आला. कुणीही त्यांना मदत केली नाही.

'तू सुटली. मांगं धुरळा. मी धुरळाच पाहो. लय येळ.'

शलाकानं ते वाचलं. पटाच्या मैदानात बापाच्या खांद्यावर बसून तिनं तो धुरळा पाहिला होता. जोडी दिसेनाशी व्हायची आणि लोक तरीही त्या धुळीकडेच बघत राहायचे.

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि उत्तर लिहू लागली. बोटं दोन अक्षरं टाइप करून आपोआप थांबली, पुढचं कुणीतरी सुचवेल म्हणून. पान कोरंच राहिलं. तिला शब्द येत होता, पण तो लिहायचा कसा हे कळेना. शाळा सुटल्यापासून तिनं एक ओळ स्वतः लिहिली नव्हती. शेवटी अंदाजानं तिनं पुरं केलं, 'बाबा मलापन तुमची आटवन येते.'

मास्तरांनी पुढे वाकून वाचलं. एकदा, मग पुन्हा. त्यांच्या भुवया चढल्या, नाकपुड्या फुलल्या, मान ताठ झाली. फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाचा तो चेहरा कुमुद ओळखून होती. ओठ हलले, जीभ टाळ्याला लागली आणि झटक्यानं सुटली.

"ढ!" मास्तर म्हणाले.

तोंडानं म्हणाले. स्पष्ट, ठणठणीत, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असं.

शलाका रडता रडता हसायला लागली. कुमुदनं पदर तोंडाला लावला. मास्तरांनी मात्र डाव्या हाताचं बोट पडद्यावरच्या 'ट'वर टेकवलं, आणि लेकीनं त्याचा 'ठ' करेपर्यंत उचललं नाही.